हॉकी खेळणाऱ्या मुलांचे आईबाप

हावड्याहून नागपूरमार्गे मुंबईकडे येणाऱ्या लोहमार्गावर बिलासपूर, रायपूर, दुर्ग आणि राजनांदगाव ही चार शहरे पाठोपाठ लागतात. भारतीय हॉकीच्या इतिहासात या चारही स्थानकांची नोंद आहे. ऑलिंपिकमध्ये ३ सुवर्णपदके आणि १ रौप्यपदक मिळविणारे लेस्ली क्लॉडियस १९२७ साली बिलासपूरला जन्मले. पुढे खरगपूरला बंगाल नागपूर रेल्वेच्या छायेत, फुटबॉल खेळता खेळता, ते हॉकीकडे ओढले गेले. भारतीय महिला संघाचे नेतृत्व केलेल्या सबा अंजुम दुर्गच्या. त्यांना २०१३ साली अर्जुन पुरस्कार आणि २०१५ साली पद्मश्री मिळाली. राजनांदगावला तेथील महंत राजांच्या स्मरणार्थ भरणारी अखिल भारतीय स्पर्धा कित्येक पिढ्यांनी पाहिलेली आहे, आणि त्याच गावची रेणुका यादव २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये खेळली. भारताचा महिला संघ त्या वर्षी ३६ वर्षांनंतर ऑलिंपिकच्या मैदानावर उतरला होता.

राहिले रायपूर. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून येथे मराठी घरे आहेत. पुढे मध्य प्रांत आणि वऱ्हाडाची राजधानी नागपूर असल्यामुळे कचेऱ्या, न्यायालये, शाळा आणि रेल्वे यांच्या निमित्ताने आणखी घरे आली. तात्यापारासारख्या वस्तीत आणि महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमांत अजून मराठी ऐकू येते. ही मंडळी गाणे, नाटक, गणेशोत्सव यांत रमणारी आणि मुलांच्या परीक्षेविषयी अत्यंत दक्ष. खेळ म्हटला तर क्रिकेट. अशा या शहरात २०१५ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये सरदार वल्लभभाई पटेल आंतरराष्ट्रीय हॉकी मैदानावर जागतिक हॉकी लीगची पुरुषांची अंतिम फेरी झाली. ६ डिसेंबरला कांस्यपदकाच्या सामन्यात भारत आणि नेदरलंड्स यांची ५-५ अशी बरोबरी झाली आणि शूटआउटमध्ये भारताने ३-२ असा विजय मिळविला. मोठ्या जागतिक स्पर्धेत वरिष्ठ पुरुष संघाला पदक मिळाले ते १९८२ च्या चॅम्पियन्स करंडकानंतर ३३ वर्षांनी. असा सामना आपल्याच गावात झाला की घरोघरी एखादे मूल वाकडी काठी हातात घेते. पहिले काही दिवस तो कौतुकाचा विषय असतो. मूल दुसऱ्या वर्षीही मैदानावर जाऊ लागले, तिसऱ्या वर्षी शाळेच्या संघात आले, म्हणजे मग तो घराचा प्रश्न होतो.

प्रथम घराचे घड्याळ बदलते. रायपूरचा उन्हाळा कडक. नवतप्याच्या दिवसांत सकाळी आठनंतर मैदानावर उभे राहवत नाही. म्हणून सराव पहाटे. पावणेपाचला दिवा लागतो, साडेपाचला मूल मैदानावर हवे असते, आणि त्याला सोडून आलेला बाप सातला परत आणावयास जातो. कृत्रिम हिरवळीचे मैदान उन्हात नुसते तापत नाही, ते पायांखालून भाजते. उत्तम प्रतीच्या मैदानांवर खेळापूर्वी पाणी मारतात ते चेंडू सरळ आणि वेगाने धावावा आणि घसरून पडणाऱ्याची कातडी सोलली जाऊ नये यासाठी. परंतु अशी मैदाने थोडी, आणि त्यांवर मुलांच्या वाट्याला येणारा वेळही थोडा. बहुतेक मुलांचे शिक्षण मुरुमाच्या किंवा साध्या गवताच्या मैदानावरच सुरू होते. तेथे उडालेला चेंडू कोठे जाईल याचा नेम नसतो. तो नेम नसण्यातही एक शिक्षण आहे. तथापि मुरुमावर शिकलेले मूल पहिल्यांदा ओल्या हिरवळीवर उतरते तेव्हा चेंडू त्याच्या स्टिकखालून निघून जातो, आणि कडेला उभ्या असलेल्या आईला वाटते की आज याचे लक्ष नाही. लक्ष असते, चेंडूच वेगळा वागत असतो.

आहाराचा प्रश्न आईच्या वाट्याला येतो, आणि त्याबाबत जाहिरातींनी पालकांना विनाकारण भेवडावून सोडले आहे. दोन तास धावणाऱ्या मुलाला अधिक खाणे हवे, वेळेवर हवे आणि पाणी भरपूर हवे. ते डब्यांतील महागड्या भुकटीतूनच मिळते असे नाही. भिजवलेले चणे, गूळ-शेंगदाणे, केळी, दूध, चालत असतील त्या घरी अंडी, आणि भात-वरण हे पुरेसे आहे. छत्तीसगडच्या खेड्यांत उन्हाळ्यात रात्रीचा भात पाण्यात भिजवून सकाळी कांद्याबरोबर खातात. त्याला बोरे-बासी म्हणतात. शेतात राबणाऱ्या माणसांचा हा अनुभवाचा आहार शहरातल्या सुशिक्षित घरांना उगाच हलका वाटतो.

नंतर येतो तो खर्च. एकेकाळी स्टिक तुतीच्या लाकडाची असे. जालंधर आणि मीरत येथील कारागीर ती घडवीत. आता वरच्या पातळीवर कार्बनच्या तंतूंपासून बनविलेली स्टिक वापरतात. ती हलकी असून चेंडूला वेग देते, आणि तिची किंमत मध्यमवर्गीय माणसाला दुकानातच दोनदा विचारावयास लावते. वाढत्या वयाच्या मुलाची स्टिक दीड-दोन वर्षांत आखूड पडते. बूट त्याहून लवकर. नडगीचे रक्षक, दातांसाठी माउथगार्ड, हातमोजे ही यादी लांबतच जाते. आणि मूल जर गोलरक्षक निघाले तर विचारूच नये. पॅड, बुटांवरचे किकर, छातीचे कवच, शिरस्त्राण हे सारे मिळून घरात एक लहानसा लोहार बसविल्यासारखे होते. भारताचा विख्यात गोलरक्षक श्रीजेश याच्या वडिलांनी केरळमधील आपल्या गावी मुलाचे पहिले पॅड घेण्यासाठी घरची गाय विकली, ही हकिकत त्याने स्वतः सांगितली आहे. २०२१ साली टोकियोला जर्मनीविरुद्ध ५-४ अशी आघाडी असताना शेवटच्या क्षणी त्याने पेनल्टी कॉर्नर अडविला आणि भारताला ४१ वर्षांनी ऑलिंपिकचे हॉकी पदक मिळाले. ती गाय अशा रीतीने इतिहासात गेली.

अशा हकिकती आणखी आहेत. हरियाणातील शाहाबादच्या राणी रामपालचे वडील गाडी ओढून पोट भरीत. प्रशिक्षकांनी प्रत्येक मुलीने रोज अर्धा लिटर दूध आणावे असा नियम केला तेव्हा घरी तेवढे दूध परवडत नव्हते, म्हणून ती असलेल्या दुधात पाणी मिसळून नेई. धनराज पिल्ले पुण्याजवळ खडकीला वाढला. त्याचे वडील दारूगोळा कारखान्याच्या मैदानाची देखभाल करीत, आणि घरातले भाऊ मोडक्या स्टिक दोरीने बांधून खेळत. चार ऑलिंपिक खेळलेल्या या खेळाडूच्या चरित्राला ‘फरगिव्ह मी अम्मा’ असे नाव दिले गेले, म्हणजे आईची क्षमा मागणारे. महाराष्ट्रातच पाहावयाचे तर सातारा जिल्ह्याच्या फलटण तालुक्यातील शेतकरी घरांतून वैष्णवी फाळके आणि अक्षता ढेकळे या मुली भारतीय संघापर्यंत पोहोचल्या आहेत.

या कथा ऐकून ऊर भरून येतो, आणि येथेच पालकाने सावध होणे जरूर आहे. श्रीजेशच्या गायीची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे, कारण श्रीजेश जिंकला. ज्यांची मुले जिल्ह्याच्या संघापुढे गेली नाहीत त्यांनीही काही ना काही विकले, कर्ज काढले, बदली नाकारली, पहाटेची झोप सोडली. त्यांची गोष्ट कोणी छापत नाही. हॉकी खेळणाऱ्या मुलांच्या पालकांत हेच लोक बहुसंख्य असतात आणि बहुसंख्यच राहणार. अंकगणित त्याहून वेगळे काही होऊ देत नाही. तेव्हा ‘त्याने गाय विकली म्हणून मुलगा मोठा झाला’ असा अर्थ काढून जो बाप स्वतःची गाय विकावयास निघतो, त्याने एक प्रश्न आधी स्वतःला विचारावा. मुलगा मोठा झाला नाही, तर हे पैसे आपण त्याच्या नावावर मांडणार आहोत काय? मांडणार असू तर गाय गोठ्यातच बरी. बारा वर्षांच्या मुलाला घरातील हिशेब बोलून दाखवावा लागत नाही. तो वडिलांच्या चेहऱ्यावर वाचतो, आणि चेंडू अडविताना त्याच्या हातात स्टिकबरोबर तो हिशेबही येतो.

ज्या वडिलांनी स्वतः तरुणपणी हॉकी खेळली आहे त्यांचे दुखणे थोडे निराळे आहे. त्यांना खेळ कळतो. पण त्यांना कळतो तो जुना खेळ. त्यांच्या काळी ३५ मिनिटांचे दोन भाग असत, ऑफसाइडचा नियम असे, आणि एकदा मैदानावर गेलेला खेळाडू बहुधा शेवटपर्यंत तेथेच राही. १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकपासून कृत्रिम हिरवळ आली. १९९० नंतरच्या दशकात खेळाडू वाटेल तितक्या वेळा बदलण्याची मुभा मिळाली आणि ऑफसाइड रद्द झाला. २०१४ पासून आंतरराष्ट्रीय सामने १५ मिनिटांच्या चार भागांत खेळले जाऊ लागले. या बदलांमुळे खेळाची चाल पार पालटली. एकट्याने चेंडू नाचवीत चार जणांना चुकविण्याची जी कला पाहण्यासाठी लोक पूर्वी गर्दी करीत, तिची जागा झटपट पास, मोकळ्या जागेत धाव आणि पुन्हा पुन्हा मागे येऊन बचाव यांनी घेतली.

याचा पालकांशी संबंध असा की, मुलाला सहा मिनिटांत बाहेर बोलाविले म्हणजे कडेला उभ्या असलेल्या बापाचा चेहरा उतरतो. त्याला वाटते, पोराकडून चूक झाली, किंवा प्रशिक्षकाचा त्याच्यावर राग आहे. वास्तविक आजच्या हॉकीत पाच-सहा मिनिटे पूर्ण वेगाने धावून बाहेर येणे, श्वास घेऊन पुन्हा आत जाणे, हाच नियमित क्रम आहे. बाहेर येणे ही शिक्षा नव्हे. घरी परतताना ‘आज तुला किती वेळ बसविले?’ असा प्रश्न झाला की मूल मात्र तिला शिक्षा समजू लागते. त्याचप्रमाणे डावखुऱ्या मुलाचे पालक काळजीत पडतात. हॉकीत डाव्या हाताची स्टिक मुळी नाहीच. स्टिकची एकच बाजू सपाट असते आणि चेंडू त्याच बाजूने खेळावा लागतो. पण मुठीच्या वरच्या टोकाला असतो तो डावा हात, आणि स्टिक वळविण्याचे काम तोच करतो. म्हणून डावखुऱ्या मुलाला या खेळात फार अडते असे नाही.

मैदानाच्या कडेला पालकाने काय करावे, हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही. शाळांच्या सामन्याला जाऊन पाहावे. आत २२ मुले खेळत असतात आणि बाहेर निदान दहा जण खेळवीत असतात. ‘मार!’, ‘पास दे!’, ‘मागे ये!’ अशा आरोळ्या एकाच वेळी उठतात. मुलाला त्या क्षणी चेंडू पाहावयाचा असतो, सोबत्याची हाक ऐकावयाची असते, प्रशिक्षकाने सांगितलेले आठवावयाचे असते. त्यात वडिलांचा आवाज तेवढा त्याला सर्वांत आधी ऐकू येतो, कारण तो जन्मापासून ओळखीचा आहे; आणि तो आवाज प्रशिक्षकाच्या सांगण्याविरुद्ध असेल तर मूल क्षणभर थबकते. हॉकीचा चेंडू सुमारे १६० ग्रॅम वजनाचा, टणक, आणि चांगल्या मैदानावर अत्यंत वेगवान असतो. थबकण्यास तो वेळ देत नाही.

पंचांविषयी तर अधिकच संयम हवा. या खेळात शिस्तीसाठी तीन रंगांची कार्डे आहेत. हिरव्या कार्डाने खेळाडू दोन मिनिटे बाहेर जातो, पिवळ्याने निदान पाच, आणि लाल मिळाले तर त्या सामन्यापुरता त्याचा खेळ संपतो. पंचाशी हुज्जत घालणे हे हिरव्या कार्डाचे एक नेहमीचे कारण. मूल ही हुज्जत कोठे शिकते हे पाहावयास दूर जावे लागत नाही. पंचाचा निर्णय चुकीचा असू शकतो, पुष्कळदा असतोही. लहान गावांच्या स्पर्धांत पंच म्हणजे बहुधा एखादा जुना खेळाडू किंवा शाळेचा क्रीडाशिक्षक. तोही त्या उन्हातच उभा असतो. ज्या घरात सामन्यानंतर पंचाचा उद्धार होतो, त्या घरातील मुलाला आपण का हरलो याचे उत्तर शोधावे लागत नाही.

परदेशांत या प्रश्नाचा विचार नियमांनीही केलेला आढळतो. नॉर्वेच्या क्रीडा महासंघाने १९८७ साली मुलांच्या खेळातील हक्कांसंबंधी नियम केले आणि २००७ साली ते सुधारले. त्यांनुसार अगदी लहान मुलांच्या सामन्यांचे गुणतक्ते आणि क्रमवारी लावीत नाहीत, आणि राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या स्पर्धा मूल तेराव्या वर्षात आल्यावरच त्याला खुल्या होतात. विशेष असे की, हे राष्ट्र हिवाळी ऑलिंपिकमध्ये सातत्याने अग्रभागी असते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१६ साली असा सल्ला दिला की, मुलाने एकाच खेळाला वाहून घेणे पंधरा-सोळा वर्षांच्या आत बहुतेक खेळांत टाळावे आणि आठवड्यातून एक-दोन दिवस संघटित सरावाला सुट्टी असावी. एकाच प्रकारच्या अतिश्रमाने वाढत्या हाडांना आणि स्नायूंना इजा होते, आणि मनही उबगते. आपल्याकडे दहा वर्षांच्या मुलाला सकाळ-संध्याकाळ एकच खेळ खेळविण्यात पालकांना भूषण वाटते. क्लॉडियस फुटबॉल खेळता खेळता हॉकीत आले, हे अशा वेळी आठवावे.

परंतु पालकपणाची खरी कसोटी लागते ती निवडीच्या दिवशी. जिल्ह्याचा संघ, मग विभागाचा, मग राज्याचा अशी ही शिडी आहे. वयाचे गट ठरलेले आहेत; राष्ट्रीय स्पर्धांत १६ वर्षांखालील आणि १९ वर्षांखालील असे दोन टप्पे हॉकीत प्रमुख मानले जातात, आणि शालेय स्पर्धांचे गट निराळे. समजा, निवड चाचणीला ६० मुले आली. संघात १८ घ्यावयाची. ४२ मुलांच्या घरी त्या संध्याकाळी काय बोलले जाते, यावर त्या मुलांचा पुढचा खेळच नव्हे, तर घराशी असलेला विश्वासही अवलंबून असतो.

यादी फळ्यावर लागते किंवा आता मोबाइलवर येते. नाव नसते. येथे पालकांकडून दोन प्रकारच्या चुका होतात, आणि दोन्ही प्रेमापोटीच होतात. एक चूक म्हणजे ताबडतोब सांत्वन करणे: ‘निवड आधीच ठरलेली होती, ओळखीवर झाली.’ निवडीत पक्षपात होत नाही असा दावा कोणीही करणार नाही. पण प्रत्येक वेळी तेच कारण दिले गेले तर मूल एक धोकादायक गोष्ट शिकते, ती ही की आपल्या हातात काहीच नाही. दुसरी चूक म्हणजे ताबडतोब सुधारणा सुचविणे: ‘तू डाव्या बाजूने फार कमी धावलास, उलट्या स्टिकने चेंडू घ्यावयास शिकला नाहीस.’ हे सारे खरे असेल. मात्र त्या संध्याकाळी ते ऐकण्यास मूल रिकामे नसते. शहाणे प्रशिक्षक पालकांना सांगतात की सामन्यानंतर किंवा निवडीनंतर घरी जाताना खेळाविषयी मुलाने बोलावे, तुम्ही बोलू नये. तो बोलला नाही तर तुम्हीही गप्प बसावे. स्कूटरवर मागे बसलेल्या तेरा वर्षांच्या मुलाचे नाक वडिलांच्या पाठीला लागलेले असते आणि तो रडत आहे हे वडिलांना सदऱ्याच्या ओलाव्यावरून कळते. त्या वेळी विचारावयाचा प्रश्न एकच असतो, जेवावयास काय हवे.

चार दिवसांनी, तापलेले मन निवल्यावर, प्रशिक्षकाकडे जावे. मुलाला बरोबर न्यावे आणि विचारू त्यालाच द्यावे. ‘माझ्या मुलाला का घेतले नाही?’ या प्रश्नाला प्रशिक्षक बचावाचे उत्तर देतो. ‘मी काय शिकू?’ असे मुलाने विचारले की बहुधा खरे उत्तर मिळते.

निवड झाली तरी चिंता संपत नाही. स्पर्धांचा हंगाम हिवाळ्यात आणि वार्षिक परीक्षा त्याच्याच पाठीवर. दहावीच्या वर्षी घरात जे वाद होतात त्यांत दोन्ही पक्षांचे थोडे थोडे खरे असते. हॉकीत क्रिकेटइतका पैसा नाही, हे नाकारण्यात अर्थ नाही. उलटपक्षी, खेळाडूंना नोकरी देण्याची परंपरा या देशात हॉकीइतकी थोड्याच खेळांत रुजली आहे. रेल्वे, पोलीस, सैन्यदले, तेल कंपन्या, बँका यांनी हॉकीपटूंच्या पिढ्या पोसल्या. महिला हॉकीत तर रेल्वेचा संघ दीर्घकाळ देशातील सर्वांत बलाढ्य संघ राहिला आहे. बिलासपूरला २००३ पासून दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचे मुख्यालय आहे, आणि या भागातील आईबापांच्या मनात ते नाव हॉकीबरोबर सहज जोडले जाते. सबा अंजुम छत्तीसगड पोलिसांत उपअधीक्षक झाल्या, हे दुर्ग-रायपूरच्या किती घरांत वादाच्या वेळी पुढे केले गेले असेल! पण खेळाडूंच्या नोकऱ्या मोजक्या असतात, आणि त्यांसाठीही राज्य किंवा राष्ट्रीय पातळीवरचे खेळणे आणि किमान शिक्षण लागते. म्हणून अभ्यास सोडून हॉकी हा सौदा वाईट आहे. आणि अभ्यासासाठी हॉकी एकदम बंद करणे हाही सौदा दिसतो तितका चांगला नाही. सहा वर्षे रोज धावलेल्या मुलाला एका दिवसात खुर्चीत बसविले तर ते दुप्पट वाचते असा अनुभव कोणाचाच नाही. वर्षभर रोज एक तास कमी खेळणे, आणि परीक्षेपूर्वी दोन महिने प्रवासाच्या स्पर्धा टाळणे, हा मधला मार्ग पुष्कळ घरांनी पत्करला आहे.

मुलगी खेळत असेल तर पालकांच्या डोक्यावर आणखी काही गोष्टींचा भार असतो. नातेवाईक विचारतात, ‘उन्हात काळी पडेल, गुडघे खरचटतील, मग?’ या प्रश्नाला उत्तर न देणे हेच उत्तर. पण इतर प्रश्न खरे आहेत. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते १९ वर्षांच्या निम्म्याहून अधिक मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. मुलगी मैदानावर लवकर दमू लागली तर तिला आळशी ठरविण्याआधी रक्त तपासून घ्यावे. बाहेरगावच्या स्पर्धेला संघाबरोबर महिला व्यवस्थापक आहे काय, मुक्काम कोठे आहे, स्नानगृहांना कड्या आहेत काय, हे विचारण्यात संकोच करू नये. असे विचारणारा बाप संशयी ठरत नाही. मुलगा असो वा मुलगी, शरीराला नको तसा स्पर्श करणाऱ्याला नाही म्हणण्याचा आणि घरी येऊन सांगण्याचा हक्क आपल्याला आहे, हे मुलाला स्पर्धेला जाण्यापूर्वी स्पष्ट शब्दांत सांगितलेले असावे. २०१२ च्या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याने अशा प्रकारांना कठोर शिक्षा ठेवल्या आहेत, आणि १०९८ हा मुलांच्या मदतीचा दूरध्वनी क्रमांक आहे. एखाद्या नामांकित प्रशिक्षकाच्या दबदब्यापुढे या गोष्टी बोलावयास जीभ अडखळते. ती अडखळू देऊ नये.

दुखापतींबाबत थोडक्यात. चेंडू डोक्याला लागून मुलाला गरगरले, उलटी आली, क्षणभर काही आठवेनासे झाले, तर त्या दिवशी त्याने पुन्हा मैदानावर जाता कामा नये, मग सामना अंतिम का असेना. आणि त्याला डॉक्टरांकडे न्यावे. हा निर्णय मुलावर सोडू नये, कारण तो ‘मी ठीक आहे’ असेच म्हणणार. माउथगार्डवाचून पेनल्टी कॉर्नर अडवावयास उभे राहणे हे शौर्य नव्हे.

एक विषय नाजूक आहे, तो वयाचा. खालच्या गटात मूल दोन वर्षे अधिक खेळावे म्हणून जन्मदाखला बदलून घेण्याची वाईट रीत आपल्या खेळांत जुनी आहे. पकडण्यासाठी मनगटाच्या हाडांचे क्ष-किरण चित्र घेतात, आणि त्या तपासाने सांगितलेले वय खऱ्या वयाहून वर्षभर इकडे-तिकडे असू शकत असल्याने कधीकधी प्रामाणिक मुलावरही बालंट येते. पण खोट्या दाखल्याचा मोठा तोटा वेगळाच आहे. पंधराव्या वर्षी तेरा वर्षांच्या मुलांना ताकदीच्या जोरावर हरविणारा मुलगा कौशल्य शिकत नाही, आणि एकोणिसाव्या वर्षी सारे समवयस्क समान उंचीचे झाले की तो अकस्मात मागे पडतो. शिवाय ज्या बापाने दाखल्यावर सही केली, त्याच्याकडून मुलगा प्रामाणिकपणाविषयी पुढे काय ऐकून घेणार?

आणि बहुतेक मुलांचा खेळ एक दिवस थांबतो. सतरा-अठराव्या वर्षी कोणी अभियांत्रिकीला जातो, कोणी दुकानात वडिलांच्या शेजारी बसतो, कोणाचा गुडघा नाही म्हणतो. कधी मूल स्वतःच येऊन सांगते की आता नको. हे वाक्य बोलावयास ते कित्येक महिने घाबरलेले असते. आईबापांच्या पहाटा त्याने मोजलेल्या असतात. अशा वेळी घरात वाद झाला नाही, तर रविवारी सकाळी तेच मूल जुन्या मित्रांबरोबर तासभर खेळून येते, आणि वाद झाला तर स्टिक माळ्यावर जाते.

स्टिकच्या लांबीचा एक ढोबळ नियम आहे. ती उभी धरली असता साधारण कमरेच्या हाडापर्यंत यावी. म्हणून जी आखूड पडते ती वाया जात नाही. मैदानावर तिची वाट पाहणारे एखादे आठ वर्षांचे पोर असतेच. मुठीवरची जुनी पट्टी काढून नवी गुंडाळली की झाले. रायपूरच्या मैदानांवर एकेक स्टिक अशी तीन-तीन घरांतून फिरलेली असते, आणि तिच्या दांड्यावर कोरलेली पहिल्या मुलाची आद्याक्षरे पट्टीखाली अजून हाताला लागतात.